न मिटणारी पापणी : डॉ. मामोरू उचिदा आणि कुष्ठरुग्णांचे डोळे

कुष्ठरोग म्हटला की आपल्याला आखडलेली बोटे आणि तळपायाच्या न भरणाऱ्या जखमा आठवतात. रुग्णाला मात्र सर्वांत मोठी धास्ती असते ती दृष्टी जाण्याची. ज्याच्या हातांना स्पर्श कळत नाही, त्याला चुलीवरचे भांडे तापले आहे की गार, पायात काच गेली आहे की नाही, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. डोळे गेले, तर डोळस नसलेल्या इतर माणसांना मिळणारा हाताचा आधारही त्याच्यापाशी उरत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमधील कुष्ठरुग्णालयांत काम करणाऱ्या डॉ. मामोरू उचिदा या नेत्रतज्ज्ञांसमोर रोज अशी माणसे येत होती.

१९०० साली जन्मलेल्या उचिदांनी आधी कुमामोतो येथील क्यूशू कुष्ठरुग्णालयात आणि पुढे १९३० च्या दशकात नागाशिमा आईसेईएन या संस्थेत काम केले. नागाशिमा हे ओकायामा प्रांतातील, सेतो अंतर्देशीय समुद्रातले एक बेट आहे. तेथील सरकारी रुग्णालय १९३० साली सुरू झाले आणि १९३१ च्या कायद्याने सरसकट सर्व रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. एकदा आत आलेला रुग्ण बहुधा परत जात नसे. उचिदांची सेवा याच व्यवस्थेच्या चौकटीत घडली, हे त्यांच्याविषयी आदर बाळगूनही नोंदवले पाहिजे.

या रोगाचा जंतू डोळ्यात काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून तो त्वचेत, नाकात, कातडीलगतच्या मज्जातंतूंत आणि डोळ्याच्या पुढच्या भागात वाढतो, तर आत उबेत असलेला दृष्टिपटल सहसा वाचतो. आधी भुवया विरळ होऊन गळतात. मग चेहऱ्याच्या मज्जातंतूची पापणीकडे जाणारी शाखा निकामी झाली की पापणी पूर्ण मिटत नाही आणि रुग्ण झोपेतही डोळा किलकिला ठेवून असतो. त्यातच डोळ्याला संवेदना पुरवणारा दुसरा मज्जातंतू बधिर झाला, तर संकट दुप्पट होते. एरवी मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लवते आणि अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरवते. येथे बुबुळ कोरडे पडते, धूळ बसते, व्रण होतो. आणि तरीही रुग्णाला काही खुपत नाही. आपल्या डोळ्यात कण गेला तर आपण कासावीस होतो. ती कासाविशी हेच डोळ्याचे संरक्षण असते आणि कुष्ठरुग्णाचे नेमके तेच हरवलेले असते.

दुसरा घात त्याहून छुपा आहे. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज येते, तो मागच्या भिंगाला चिकटतो आणि बाहुली आकसत जाऊन टाचणीच्या डोक्याएवढी उरते. ती सैल ठेवण्यासाठी त्या काळच्या नेत्रवैद्यापाशी मुख्यतः अ‍ॅट्रोपिनचे थेंब होते. सूज उतरवणारी स्टेरॉइड औषधे १९५० नंतरची. मूळ रोगावर चालमोगरा तेलाची वेदनादायक इंजेक्शने देत. या तेलाच्या वृक्षाचा सह्याद्रीतला भाऊबंद म्हणजे आपले कडू कवठ, आयुर्वेदातील तुवरक. या तेलाने रोग हटत नसे. अमेरिकेत १९४१ पासून वापरात आलेले प्रोमिन हे पहिले परिणामकारक औषध जपानला महायुद्धानंतरच मिळाले. उचिदांच्या उमेदीच्या वर्षांत रुग्णांची दृष्टी अशी त्यांच्या देखत विझत गेली.

उचिदा स्वतः तान्का ही ३१ अक्षरावयवांची पारंपरिक कविता लिहीत आणि रुग्णांना ती शिकवीत. माझ्या मते हा त्यांच्या वैद्यकीचाच भाग मानला पाहिजे. पाच ओळींची कविता कागदाविना मनात जुळवता येते, अंथरुणात घोळवता येते आणि डोळस सोबत्याला सांगून उतरवून घेता येते. अंध आणि बधिर बोटांच्या माणसाला याहून सोयीचे साहित्य कोणते? नागाशिमात त्यांच्या मार्गदर्शनाखाली आलेला आकाशी काईजिन हा पूर्वी शिक्षक होता. १९३६ मध्ये त्याची दृष्टी गेली, १९३८ मध्ये श्वास घेता यावा म्हणून गळ्याला छिद्र पाडावे लागले, आणि १९३९ च्या आरंभी निघालेला त्याचा कवितासंग्रह जपानभर वाचला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो वारला. पुढच्या काळात जपानी रुग्णालयांतील काही अंध रुग्ण ब्रेलचे ठिपके जिभेने वाचायला शिकले. बोटे बधिर असली तरी जिभेला स्पर्श कळत होता.

जपानने सक्तीच्या अलगीकरणाचा कायदा १९९६ मध्ये रद्द केला. आज बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत जंतू नष्ट होतात. मात्र मेलेला मज्जातंतू त्याने जिवंत होत नाही, आणि जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात सापडत असल्याने ही बाब आपल्या दवाखान्यांनाही लागू आहे. तपासणी अगदी साधी असते. रुग्णाला झोपल्यासारखे अलगद डोळे मिटायला सांगून पापण्यांमधली फट मिलिमीटरच्या पट्टीने मोजतात. दुर्बलता नुकती आलेली असेल, तर स्टेरॉइडने ती बरीच भरून निघू शकते. जुनी असेल, तर शस्त्रक्रियेने पापणी आवळता येते. तोवर रुग्णाला रोज आरशात डोळ्याची लाली पाहायला, झोपताना डोळा झाकायला, आणि एखादी नेहमीची वस्तू ठरवून ती दिसली की प्रत्येक वेळी डोळे घट्ट मिटायला शिकवतात.