रोमानियातील अनाथालये आणि परदेशी दत्तक

डिसेंबर १९८९ मध्ये निकोलाय चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि रोमानियातल्या सरकारी अनाथालयांची दारे बाहेरच्या जगासाठी उघडली. आतली दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसताच अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, इटली अशा देशांतली जोडपी मूल दत्तक घेण्यासाठी तिकडे धावली. १९९० च्या सुरुवातीपासून जुलै १९९१ पर्यंत सुमारे १० हजार मुले देशाबाहेर गेली. पुढे २००१ मध्ये स्थगिती आली आणि १ जानेवारी २००५ पासून हा मार्ग जवळजवळ बंद झाला. आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षे संस्थेत काढलेल्या मुलाचे काय होते, याविषयी आज जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे याच मुलांमुळे कळले.

‘अनाथालय’ हा शब्द इथे रूढ असला तरी दिशाभूल करणारा आहे. या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील हयात होते. लोकसंख्या वाढली तर देश बलाढ्य होईल या समजुतीने चाउशेस्कूने ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर बंदी घातली. गर्भनिरोधके मिळेनाशी झाली. मूल नसलेल्यांवर जादा कर बसला. १९६७ मध्ये जन्मांची संख्या आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झाली. १९८० च्या दशकात परकीय कर्ज फेडण्यासाठी अन्नधान्य निर्यात होऊ लागले. घरात भाकरी, वीज, उष्णता या सगळ्याचीच वानवा. अशा वेळी चौथे-पाचवे मूल सरकारी संस्थेत ठेवणे हा गरीब आईबापांपुढचा एकच उपाय उरला, आणि सरकारही तोच सुचवत होते. त्यात रोमा (जिप्सी) समाजाची मुले मोठ्या प्रमाणावर होती. राजवट पडली तेव्हा संस्थांमध्ये एक लाखाहून जास्त मुले होती.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या संस्थेला रोमानियन भाषेत ‘ल्यागन’ म्हणत. या शब्दाचा अर्थ पाळणा. आपल्या पाळणाघरातले मूल संध्याकाळी आईच्या कडेवर बसून घरी जाते. ल्यागनमधले जात नसे. ओळीने लावलेल्या लोखंडी गजांच्या पलंगांत मुले दिवसभर पडून असत. दुधाची बाटली उशीला टेकवून तोंडाशी दिली जाई. एकेका बाईकडे पंधरा-वीस मुले, त्यामुळे उचलून घेणे, बोलणे, भरवणे याला वेळच नसे. तिथे गेलेल्या डॉक्टरांना आणि पत्रकारांना आधी जाणवली ती शांतता. तान्ह्या मुलांनी भरलेली खोली, पण रडणे नाही. मूल रडते ते कुणीतरी येईल या भरवशावर. इथे कुणी येत नाही हे त्यांना कळून चुकले होते. काही मुले हातांवर आणि गुडघ्यांवर टेकून तासन्‌तास पुढे-मागे झुलत. तिसऱ्या वर्षी तपासणी होई. धडधाकट ठरलेली मुले बालगृहात जात. अपंग किंवा ‘सुधारण्यापलीकडची’ असा शिक्का बसलेली मुले ज्या संस्थांत पाठवली जात, तिथली अवस्था याहून भयानक होती. तिरळे डोळे किंवा उशिरा फुटलेली वाचा एवढ्यावरही हा शिक्का बसू शके.

१९९० मध्ये आलेल्या परदेशी जोडप्यांच्या मनात करुणा होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण कायदा ढिला होता आणि हाती डॉलर होते. दलाल उभे राहिले. संस्थेतल्या मुलाचे कागद जमवण्यापेक्षा गावात जाऊन गरीब आईची सही घेणे सोपे पडू लागले, आणि बाहेर गेलेली अनेक मुले अनाथालयातून न जाता थेट घरातून गेली. ज्या मुलांना बघून जग हळहळले होते ती थोडी मोठी, आजारी, कृश मुले मागेच राहिली. हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुखरा भाग आहे. जुलै १९९१ मध्ये सरकारने खाजगी दत्तकांना चाप लावला आणि सर्व प्रकरणे राष्ट्रीय दत्तक समितीकडे सोपवली.

ब्रिटनमध्ये गेलेल्या १६५ मुलांचा बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. ब्रिटनमध्येच जन्मून सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ मुले तुलनेसाठी घेतली. आली तेव्हा रोमानियन मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे वजन अतिशय कमी होते; काहींना घट्ट अन्न चावताच येत नव्हते. सहा महिन्यांचे होण्याआधी घरी आलेली मुले चार वर्षांची होईपर्यंत इतरांच्या बरोबरीला आली. त्याहून जास्त काळ संस्थेत काढलेल्यांपैकी अनेकांना मात्र चंचलता, लक्ष न लागणे, स्वमग्नतेसारखी (ऑटिझमसारखी) लक्षणे पुढेही त्रास देत राहिली. बुद्ध्यंक मोठेपणी सावरला, पण मेंदूच्या प्रतिमांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यांच्या मेंदूचे आकारमान तुलनेतल्या गटापेक्षा सरासरी ८.६ टक्क्यांनी कमी होते, आणि संस्थेत काढलेल्या प्रत्येक महिन्यागणिक हा फरक वाढत होता. तरीही दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्यांपैकी साधारण एक पंचमांश मुलांना असा कोणताच त्रास झाला नाही. ते कशामुळे, याचा शोध अजून चालू आहे.

एक लक्षण दत्तक पालकांना सुरुवातीला ओळखूच येत नसे. पाहुणा दारात आला की मूल धावत त्याच्याकडे जाई, बागेत अनोळखी माणसाचा हात धरून चालू लागे, आणि मागे वळून आईकडे पाहतही नसे. ‘किती लाघवी आहे, कुणाकडेही जातं’ असे आपल्याकडे अशा मुलाचे कौतुकच होईल. प्रत्यक्षात आपले कोण आणि परके कोण हा भेद त्याच्या मनात तयारच झालेला नसे.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाला प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबे मिळाली, दुसऱ्याची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ सुधारली. दोन वर्षांचे होण्याआधी गेलेल्यांची अधिक. दुसऱ्या गटातल्या मुलांचे काय, हा प्रश्न या अभ्यासाला कायम विचारला गेला आणि तो रास्तच आहे.

आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार २९ मे १९९३ रोजी झाला. मूल आधी स्वतःच्या कुटुंबात, ते शक्य नसेल तर स्वतःच्या देशात, आणि तिथे कुटुंब मिळत नसेल तरच परदेशात, हा त्याचा गाभा. १ मे १९९५ रोजी तो अमलात आला तेव्हा त्यात मेक्सिको आणि श्रीलंकेसोबत रोमानिया होता. तरी १९९७ नंतर बालकल्याणाच्या कामात पैसा घालणाऱ्या परदेशी संस्थांना गुण आणि गुणांवर मुले, अशी पद्धत आली आणि पुन्हा बाजार भरला. रोमानियाला युरोपीय संघात प्रवेश हवा होता. युरोपीय संसदेच्या प्रतिनिधी एमा निकल्सन यांनी या प्रश्नावर दबाव आणला. २००४ च्या २७३ क्रमांकाच्या कायद्याने परदेशी दत्तक फक्त आजी-आजोबांपुरते ठेवले. २०१२ पासून जवळचे नातेवाईक आणि परदेशात राहणारे रोमानियन नागरिक यांना सवलत मिळाली. स्थगितीच्या वेळी ज्यांची कागदपत्रे अर्ध्यावर होती ती मुले आणि ती कुटुंबे यांची मात्र कायमची ताटातूट झाली.

भारतात आधी स्वदेश, मग परदेश हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने हेग कराराआधीच घालून दिला होता. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्राची याचिका करून घेत न्यायमूर्ती प्र. ना. भगवती यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये परदेशी दत्तकाचे नियम आखले. त्यातून १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन संस्था उभी राहिली. भारताने हेग करार २००३ मध्ये स्वीकारला. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी जोडप्याला महाराष्ट्रातल्या संस्थेतून मूल घ्यायचे असेल तर अर्ज याच केंद्रीय संस्थेमार्फत जातो.

१९९० मध्ये गेलेली मुले आज पस्तिशीच्या आसपास आहेत. त्यांतली कितीतरी जण समाजमाध्यमांवरचे गट आणि जनुकीय चाचण्या यांच्या आधारे जन्मदात्या आईचा शोध घेत रोमानियाला परततात. हाती असतो तो गावाचे नाव आणि एक सही असलेला कागद. आई भेटलीच तर दोघांची भाषा वेगळी असते, त्यामुळे पहिले बोलणेसुद्धा दुभाष्याच्या तोंडून होते.