जपान : शेती, अन्नाची आयात आणि अन्नसुरक्षेचे नियम

जपानी माणसाच्या आहारातील उष्मांकांपैकी साधारण ३८ टक्केच देशात पिकलेल्या अन्नातून येतात. १९६५ साली हे प्रमाण ७३ टक्के होते. पुढे ताटातला भात घटला. पाव, मांस, दूध, तेल वाढले. गहू, सोयाबीन आणि जनावरांना घालायचा मका बव्हंशी परदेशातून येतो. अंड्यांचेच पाहा. जवळपास सगळी अंडी देशातल्याच कोंबड्यांची, पण कोंबड्यांचे आयात खाद्य हिशेबात धरले की स्वयंपूर्णता १२-१३ टक्क्यांवर येते. डोंगराळ देशात लागवडीची जमीन १२ टक्क्यांच्या आसपास आणि शेतकऱ्याचे सरासरी वय सत्तरीच्या घरात.

तांदूळ मात्र जपानने जिवापाड जपला. दर पडू नयेत म्हणून १९७०च्या दशकापासून २०१८पर्यंत भाताचे क्षेत्र सरकारनेच मर्यादित ठेवले. १९९३च्या थंड उन्हाळ्यात पीक बुडाले आणि बाहेरून तांदूळ आणावा लागला. चिकट, आखूड दाण्याची सवय असलेल्या लोकांना थायलंडचा लांब, मोकळा तांदूळ रुचला नाही. १९९५पासून जागतिक व्यापार करारानुसार ठरावीक तांदूळ आयात होतो. त्यापलीकडे किलोमागे ३४१ येन कर. क्षेत्र आवळून ठेवण्याच्या या धोरणामुळे तूट सोसायला वावच उरला नाही. २०२५मध्ये भाव वर्षभरापूर्वीच्या दुप्पट झाले, तेव्हा सरकारला राखीव साठा बाजारात काढावा लागला.

एवढे अन्न जहाजातून येत असल्याने खरी राखण बंदरावर होते. मूळ अन्नस्वच्छता कायदा १९४७चा. २००१मध्ये देशात ‘मॅड काऊ’ या गुरांच्या मेंदूच्या रोगाची गाय सापडली, २००२मध्ये चीनच्या गोठवलेल्या पालकात कीटकनाशकांचे अंश आढळले. लोकांचा विश्वास डळमळला आणि २००३मध्ये धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा स्वतंत्र अन्नसुरक्षा आयोग नेमला गेला. २९ मे २००६पासून नियम आणखी कडक झाला : ज्या रसायनाची एखाद्या पदार्थासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश दहा लाख भागांत ०.०१ भागाहून जास्त चालणार नाही.

याचा फटका २०१२मध्ये भारतीय कोळंबीला बसला. खाद्यातली मासळीची भुकटी खवट होऊ नये म्हणून इथॉक्सिक्विन हे रसायन घालतात. कोळंबीसाठी त्याची वेगळी मर्यादाच नव्हती, म्हणून ०.०१चा नियम लागला. २०१४मध्ये ती मर्यादा ०.२ झाली. नियम कडक असावा, पण एखाद्या पदार्थाची मर्यादा केवळ ठरवायची राहून गेली म्हणून मच्छीमार आणि तळेवाले भरडले जाणे योग्य नव्हे.

आंब्याला दोन चाळण्या ओलांडाव्या लागतात. रसायनांचे अंश अन्नतपासणीत पाहतात. कीड पाहण्याचे काम कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण विभागाचे. फळमाशीच्या भीतीने भारतीय आंब्यावर घातलेली बंदी वीस वर्षांनी, २००६मध्ये उठली. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर विकिरण, म्हणजे कीड रोखण्यासाठी किरणांचा मारा, करतात. जपानला ते चालत नाही. तिथे बटाट्याचे कोंब रोखण्यापुरतीच विकिरणाला मुभा आहे. म्हणून वाशीतल्या राज्य पणन मंडळाच्या केंद्रात फळ बाष्पाने तापवतात. गराचे तापमान ४७.५ अंशांवर २० मिनिटे टिकले की आतली अंडी आणि अळ्या मरतात. प्रक्रियेवर देखरेख करायला जपानचा निरीक्षक वाशीत येतो आणि त्याने पास केलेली पेटीच विमानात चढते.