फेकायच्या तुकड्यातलं पाचवं अक्षर

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये कळव्याचं एक जोडपं रिपोर्ट समजून घ्यायला आलं होतं. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचे नुसते वाहक; बाईंना दहावा आठवडा. दोघांच्या रिपोर्टवर एकच ओळ होती: ‘आयव्हीएस 1-5, जी ऐवजी सी’. मी सांगितलं, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जे जनुक आहे, त्यातल्या पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर बदललंय. इंट्रॉन, म्हणजे रिपोर्टवरचं ‘आयव्हीएस’, हा पेशी शेवटी कापून टाकते तो तुकडा.

बाई पटकन म्हणाल्या, “मॅडम, जे फेकायचंच आहे त्यात चूक असली तर बिघडलं कुठे?”

प्रश्न बिनतोड होता. मी कोरा कागद ओढला.

डीएनए केंद्रक सोडून बाहेर जात नाही. प्रथिन बनतं केंद्रकाबाहेर, म्हणून हव्या त्या जनुकाची आरएनएमध्ये नक्कल काढावी लागते. हे काम आरएनए पॉलिमरेज 2 नावाचं एन्झाइम करतं, मिनिटाला साधारण दोन ते चार हजार अक्षरांच्या वेगाने. नक्कल जेमतेम 20-30 अक्षरांची झाली की तिच्या पुढच्या टोकावर टोपी बसते, तीही चक्क उलटी जोडलेली. मागच्या टोकाकडे ‘एएयूएएए’ ही खूण दिसली की थोडं पुढे कात्री लागते आणि 200 च्या आसपास ‘ए’ ओळीने चिकटवले जातात, ही शेपटी. टोपी-शेपटी नसेल तर पेशीतली एन्झाइम्स तो आरएनए टोकाकडून खाऊन टाकतात. कोरोनाच्या एमआरएनए (प्रथिनाचा संदेश नेणारा आरएनए) लशींतही म्हणूनच दोन्ही होत्या. रक्तात तर याचं महत्त्व फारच. लाल पेशी पिकताना आपलं केंद्रकच बाहेर टाकते. जनुक गेलं, तरी पुढे एक-दोन दिवस हिमोग्लोबिन बनत राहतं, ते आधी साठवलेल्या या टिकाऊ संदेशांवर.

आता कापाकापी. जनुकात मजकूर सलग नसतो, हे 1977 साली सर्दीच्या एका विषाणूवर काम करताना लक्षात आलं. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना त्यासाठी 1993 चं नोबेल मिळालं. डीएनए आणि त्याचा तयार एमआरएनए एकमेकांना जुळवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर डीएनएचे मधले भाग फासासारखे बाहेर लोंबत होते. त्यांना जोडीदारच नव्हता! स्नायूंमधल्या डिस्ट्रोफिनचं जनुक तर 22 लाख अक्षरांचं. नक्कल काढायलाच 16 तास लागतात आणि शेवटी उरतात 14 हजार अक्षरं. त्या मानाने बीटा ग्लोबिन अगदी आटोपशीर: 1600 अक्षरं, दोन इंट्रॉन, पहिला 130 चा आणि दुसरा 850 चा.

पण कापायचं कुठे, हे कात्रीला सांगणार कोण? इथेच बाईंच्या प्रश्नाचं उत्तर होतं. खूण बरीचशी फेकायच्या तुकड्यातच असते. गवार निवडताना देठावरून कळतं ना कुठे मोडायचं, आणि देठ तर टाकूनच द्यायचा असतो.

मी कागदावर लिहिलं:

सीएजी | जीयूयूजीजीयू

उभ्या रेषेच्या डावीकडे ठेवायचा भाग, उजवीकडे इंट्रॉन. यू1 नावाचा एक छोटा आरएनए ही सीमा शोधत येतो आणि आपली अक्षरं तिच्या अक्षरांशी जुळवून तिथे बसतो. मग बाकीची यंत्रणा, म्हणजे स्प्लायसोसोम, गोळा होते. बीटा ग्लोबिनमध्ये ही जुळणी मुळातच पुरती घट्ट नाही. इंट्रॉनचं तिसरं अक्षर जुळत नाही. पाचवा ‘जी’ मात्र यू1 च्या ‘सी’ला पक्का धरतो. त्या जागी ‘सी’ आला की ‘सी’समोर ‘सी’, पकड सुटली. यू1 मग आसपासच्या तीन खोट्या सीमांवर बसायला लागतो आणि बहुतेक नकला भलतीकडे कापल्या जातात. बरोबर कापलेल्या थोड्या उरतात, पण मेजर, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळाला तेवढ्याने पुरत नाही. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

नवरा इतका वेळ गप्प होता. म्हणाला, “म्हणजे आमच्याकडे एक प्रत चांगली आहे, म्हणून आम्ही ठीक?”

बरोबर. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक धड होती. बाळाकडे दोन्ही बिघडलेल्या जाण्याची शक्यता दर खेपेला चारात एक. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सर्वांत जास्त सापडणारं कारण हेच अक्षर आहे, त्यामुळे जनुकात आधी कुठे बघायचं हे आम्हाला ठाऊक असतं. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत बऱ्याचदा वेगळाच दोष निघतो: जनुकाचा 619 अक्षरांचा तुकडाच गायब.

अकराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा नमुना घेतला. बघायची होती ती एकच जागा. तिथे ‘जी’ही दिसला, ‘सी’ही. बाळ आईबाबांसारखंच मायनर.