ऐतिहासिक भूमिकाखेळातील शिष्टाचार

गतकाळातले एखादे पात्र घ्यायचे आणि त्या काळाच्या चौकटीत, लिहून किंवा आभासी देहाने, इतरांबरोबर वावरायचे, हा ऑनलाइन ऐतिहासिक भूमिकाखेळ (रोलप्ले). त्यात हारजीत नसते, आधी ठरलेली संहिताही नसते. म्हणूनच सारी भिस्त संकेतांवर.

या संकेतांचे एक मूळ संगणकाबाहेर आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ सुरू झाली. तिचे सभासद सतराव्या शतकापूर्वीच्या वेशात जमतात. दुसरे मूळ म्हणजे १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात लिहिला गेलेला ‘मड’ हा अनेकांनी मिळून खेळायचा मजकुरी खेळ.

पहिला संकेत पात्र आणि खेळाडू वेगळे ठेवण्याचा. पात्राचे बोलणे ‘आयसी’ (इन कॅरॅक्टर), खेळाडूचे ‘ओओसी’ (आउट ऑफ कॅरॅक्टर). हे दुसरे बहुधा दुहेरी कंसात लिहितात. पात्राने शिवी दिली म्हणून खेळाडूवर रुसायचे नाही. उलट, खेळाडूचा राग पात्राच्या तोंडून काढायचा नाही. हे जास्त अवघड. दुसऱ्याच्या पात्राचे काय झाले ते परस्पर ठरवणे म्हणजे ‘गॉडमॉडिंग’. ‘मी तलवार उगारली’ इथवर लिहावे, हात तुटला की वाचला ते समोरचा लिहील. वरील सोसायटीच्या वेताच्या तलवारींच्या लढतीतही वार लागल्याचे मार खाणाराच कबूल करतो. ‘मेटागेमिंग’ म्हणजे खेळाडूला ठाऊक असलेले पात्राने वापरणे. इतिहासात हा मोह मोठा, कारण पुढे काय झाले ते सर्वांनाच माहीत. सप्टेंबर १९२९ मधल्या सावकाराला ऑक्टोबरातली वॉल स्ट्रीटची घसरण दिसता कामा नये.

नवख्याची अडचण वेगळीच: तो वेश, भाषा आणि माणसे या तिन्ही बाबतींत परका असतो. सोसायटीत त्याच्यासाठी ‘शॅटलेन’ हा पदाधिकारीच असतो आणि ‘गोल्ड की’ नावाचा उसन्या कपड्यांचा साठा. काळाला धरून कपड्यांचा प्रयत्न दिसला की पुरे, तो अचूक असावा लागत नाही. सेकंड लाइफ या आभासी जगात २००९ मध्ये उभारलेल्या १९२९ च्या बर्लिनमध्येही पेहरावाची सक्ती आहे, पण तिथे नवागतांसाठी फुकट कपडे ठेवलेले असतात. सक्ती करायची तर कपडेही आपणच पुरवायचे, ही रीत अनेक मंडळ्यांनी उचलण्यासारखी आहे.

जाणकारीचा ताठा हा या छंदाचा जुना रोग. अमेरिकी यादवी युद्धाचे प्रसंग उभे करणाऱ्यांत ढिसाळ वेशवाल्याला ‘फार्ब’ म्हणून हिणवतात, तर कापडातले धागे मोजत बसणाऱ्याला ‘थ्रेड काउंटर’ म्हणतात. दोन्ही शब्द टोमणेच. त्या काळातले पूर्वग्रह रंगवतानाही जपावे लागते. ते पात्राच्या अंगावर गेले तर चालते, खेळाडूच्या जातीधर्मावर घसरले की खेळ तिथेच थांबवावा.

चूक दाखवायची ती चारचौघांत नव्हे, खासगीत. मुरलेले खेळाडू ती खेळातच जिरवतात. चौदाव्या शतकातल्या युरोपी खाणावळीत नवख्याने बटाट्याची भाजी मागितली, तर खाणावळवाली एवढेच म्हणेल, ‘‘कसला कंद म्हणालात? दूरदेशीचा दिसतो. आमच्याकडे सलगम आहे, वाढू?’’