गोळीवरून घरात दोन मतं

सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडे वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यात आणि आई मुलांपाशी गावी, अशी घरं पुष्कळ. मुलाला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकण्याचा त्रास आहे असं सांगून डॉक्टर गोळी लिहून देतात आणि फोनवर वाद सुरू होतो. वडिलांना पोरगं दिवाळीला, जत्रेला दिसतं. तेव्हा एका जागी बसायची गरजच नसते. आईला रोजचा अर्धवट अभ्यास आणि शाळेतल्या तक्रारी दिसतात. दोघंही खरंच सांगत असतात. म्हणून निदानासाठी लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसलेली असावी लागतात. वर्गशिक्षकांनी प्रश्नावली भरलेली नसेल, तर वाद घालण्याआधी ती भरून घ्यावी. मूल 6 वर्षांहून लहान असेल तर आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर.

यातलं नेहमीचं औषध मिथाइलफेनिडेट. मेंदूतल्या पेशींनी सोडलेलं डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन पुन्हा आत ओढलं जातं. ती वाट हे औषध अडवतं, आणि कपाळामागच्या भागाला लक्ष धरून ठेवणं सोपं जातं. साधी गोळी अर्ध्या ते एका तासात लागू पडते आणि साधारण 4 तासांत उतरते. ‘एकदा सुरू केली की कायमची’ या भीतीला हेच उत्तर आहे: ती तपासून पाहता येते आणि नको असेल तर डॉक्टरांना विचारून थांबवता येते. दहापैकी साधारण सात मुलांना तिचा उपयोग होतो. आपलं मूल त्या सातांत आहे का, हे वाद घालून कळत नाही.

म्हणून दोघांनी चार आठवड्यांची चाचणी ठरवावी. आधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब मोजून घ्यावा. घराण्यात हृदयविकार किंवा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल तर डॉक्टरांना सांगावं. सुरुवात बहुधा सकाळी आणि दुपारी 5-5 मिलिग्रॅमने होते आणि डॉक्टर दर आठवड्याला मात्रा बघून वाढवतात. वहीत मोजक्याच नोंदी ठेवाव्यात: अभ्यासाला किती वेळ लागला, डबा किती परत आला, झोप किती वाजता लागली. शिक्षकांनी दर आठवड्याला वर्गातल्या लक्षाला आणि वागण्याला गुण द्यावेत. मात्रा कधी बदलली हे त्यांना न सांगितलेलं उत्तम. वहीची पानं वडिलांना मोबाइलवर पाठवावीत.

सगळ्यात जास्त घात होतो तो लपवाछपवीने. आई गोळी देते, सुट्टीत वडील ती बंद करतात किंवा आजी गुपचूप टाकून देते. डॉक्टरांना वाटतं मात्रा कमी पडतेय, ते ती वाढवतात. मग नियमित गोळी सुरू झाली की मुलाला एकदम जास्त डोस बसतो. अॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे लागतात, त्यामुळे मधले दिवस चुकवले तर चांगलं औषधही निकामी ठरतं. क्लोनिडिन हे तिसरं औषध अचानक थांबवलं तर रक्तदाब उसळू शकतो. आणि गोळी घेणं म्हणजे आईची बाजू घेणं, असं मुलाला वाटू लागलं की ते स्वतःच ती थुंकून टाकतं.

मिथाइलफेनिडेटने दुपारची भूक मरते. गोळी न्याहारीनंतर द्यावी आणि संध्याकाळी उतरल्यावर पोटभर भाकरी-दूध द्यावं. शेवटचा डोस उशिरा गेला तर झोप उडते. उंची वाढण्याचा वेग किंचित मंदावू शकतो, म्हणून दर 6 महिन्यांनी ती मोजावी. लांब पल्ल्याची गोळी कुटून दुधात घालू नये. दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

मिथाइलफेनिडेट ‘शेड्युल एक्स’मध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. ते विकायला वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. गावातल्या मेडिकलमध्ये ते बहुधा मिळत नाही. सांगली-मिरजेतली खेप लक्षात घेऊन गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवी चिठ्ठी घ्यावी.

एका बाबतीत मात्र एकमताची वाट पाहू नये. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर जो पालक जवळ आहे त्याने त्याच दिवशी त्याला सिव्हिलला न्यावं. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.