गिअर-दांड्याचे बुश बदलणे

गिअर-दांड्याचे बुश बदलणे : मोटारगाडीचा गिअर-दांडा आणि गिअरपेटी यांना जोडणाऱ्या सांध्यांतील झिजलेली अस्तरे काढून नवी बसवण्याचे काम. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या डागडुजीत ते हमखास येते. विदर्भातील खेड्यापाड्यांत अशी गाडी विरळाच. तेथील मिस्त्रींचा हात या कामावर बसला तो जुन्या जीप, अँबॅसडर आणि पद्मिनी यांच्यामुळे. ‘गिअर ढिल्ला झाला’, ‘प्ले आला’, ‘गिअर सापडत नाही’ ही दुखण्याची प्रचलित वर्णने होत.

‘बुश’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. झुडूप या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही. बहुतेक कोशकार त्याचे मूळ मध्ययुगीन डच भाषेतील ‘बुसे’ म्हणजे पेटी या शब्दात मानतात आणि तेथून लॅटिनमार्गे ग्रीक ‘पिक्सिस’, म्हणजे बॉक्सवुड या झाडाच्या लाकडाची डबी, इथपर्यंत नेतात. तसे असेल तर ‘बुश’ आणि ‘बॉक्स’ एकाच कुळातले ठरतात. फ्रेंचमधील ‘बूश’ (तोंड) या शब्दाशीही नाते सुचवले गेले आहे. तोफेच्या कानाला (बत्ती देण्याच्या छिद्राला) बसवायच्या धातूच्या अस्तरापुरते ते पटण्यासारखे असले, तरी चाकाच्या आणि यंत्राच्या बुशाला डच व्युत्पत्तीच अधिक जुळते. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो असे मानतात. वस्तू मात्र शब्दाहून जुनी असावी. बैलबंडीच्या चाकाच्या तुंब्यात (मधल्या गाभ्यात) ठोकलेले लोखंडी नळकांडे हे तत्त्वतः बुशच आहे : झीज स्वस्त भागाने सोसावी, महाग भाग वाचावा.

गिअर-दांड्यात बुश नेमके केव्हा आले याचा निश्चित काळ सांगता येत नाही. दांडा खाचांच्या जाळीतून फिरवण्याची रीत 1901 च्या मर्सिडीज गाडीने रूढ केली असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. दांडा गिअरपेटीपासून दूर गेला तसे मधले सांधे वाढले आणि प्रत्येक सांध्याला अस्तर लागू लागले. नायलॉनचा शोध 1935 चा आणि ॲसिटल प्लास्टिकचे व्यापारी उत्पादन 1960 च्या सुमाराचे; त्यामुळे मोटारीतील प्लास्टिकचे बुश दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले असे धरणे सुरक्षित आहे. त्याआधी पितळ, कासे आणि रबर यांवर भागत असे.

रचना गाडीगणिक बदलते. 1989 मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-5 मध्ये दांडा थेट गिअरपेटीवर उभा असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला पेल्याच्या आकाराचे लहानसे प्लास्टिकचे बुश असते. फियाट एक्स1/9 मध्ये इंजिन आसनांच्या मागे, पोर्श 911 मध्ये ते मागच्या टोकाला. तेथे लांब सळई, कपलिंग (सळया जोडणारा सांधा) आणि त्यांचे बुश आले. सांधे जितके अधिक तितका ढिलेपणा साचत जातो. त्यात तरफेचे गणित मिळते. मुठीपासून टेकूपर्यंत 250 मिमी आणि टेकूखाली 50 मिमी दांडा असेल, तर खालच्या सांध्यातली 1 मिमी झीज मुठीशी 5 मिमी होऊन हाताला लागते. बुश जेमतेम झिजलेले असते आणि चालकाला मात्र गिअरपेटीच गेली असे वाटते.

बुश कशाचे घ्यावे, हा विदर्भापुरता खरा वादाचा मुद्दा. तालुक्याच्या गावी मूळ सुटा भाग मिळाला नाही की लेथवाल्याकडून नायलॉनच्या दांडीतून बुश कातून घेतात. पण नायलॉन हवेतले पाणी शोषून फुगते. नायलॉन 66 हा प्रकार संपृक्त अवस्थेत वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी घेते, ॲसिटल 1 टक्क्याहून कमी. वैशाखाच्या कोरड्या हवेत, चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपुढे असताना, अचूक मापाने कातलेले नायलॉनचे बुश आषाढात आवळते. बाहेरून धातूची कडी असल्याने ते आतल्या बाजूलाच फुगते आणि दांडा जड चालतो. म्हणून थोडी मोकळीक ठेवावी किंवा सरळ ॲसिटल घ्यावे. दुसरा मार्ग अधिक बरा. काशाचे बुश टिकते, पण इंजिनाची थरथर मुठीपर्यंत आणते. रबराला साधे खनिज तेलाचे ग्रीस लावणे ही नेहमीची चूक : नैसर्गिक रबर त्याने फुगून मऊ पडते. काळ्या मातीची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की सांध्यात पॉलिश पेपर फिरवल्यासारखे होते. त्यामुळे बुशाइतकेच लक्ष दांड्याखालच्या फाटक्या रबरी टोपीकडे द्यावे.

काम करण्यापूर्वी दोष बुशाचाच आहे याची खात्री करतात. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि चालू केल्यावर करकरत असतील, तर संशय क्लचवर घ्यावा. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक ओढतात, चाकांना दगड लावतात. लांब सळईच्या गाडीत कपलिंगचा नट सैल करण्याआधी सळईवर खूण करणे आवश्यक असते, नाहीतर पुढे गिअरांच्या जागा शोधत बसावे लागते. जुने बुश व्हाइसमध्ये (पकड-यंत्रात) योग्य मापाचा सॉकेट धरून दाबून काढतात. नंतर बुशात बसणारी खीळ (पिन) व्हर्नियरने, म्हणजे सूक्ष्म मापाच्या साधनाने, दोन दिशांनी मोजावी. ती लंबगोल झाली असेल तर नव्या बुशाचा उपयोग थोडा. प्लास्टिकचे बुश गरम पाण्यात टाकून मऊ करावे, ज्योतीवर धरू नये. ॲसिटल जळताना ज्योत जवळपास दिसत नाही आणि फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. बसवल्यावर इंजिन सुरू न करता रिव्हर्ससह सर्व गिअर टाकून पाहतात.

भारतीय स्पोर्ट्स गाड्यांत गोव्यात बनलेल्या, दोन आसनी सॅन स्टॉर्मचा उल्लेख करता येईल. स्टिअरिंगलगतच्या गिअर-दांड्याच्या अँबॅसडर व पद्मिनी या गाड्यांत बुश झिजले की दोन गिअरांमध्ये सळया अडकत. तेव्हा बॉनेट उघडून त्या हाताने सोडवणे हा रस्त्यावरचा उपाय होता.