साग, स्लीपर आणि बांबूचे काटे

पर्यावरणशास्त्र, वन्यजीवशास्त्र, नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन या पदव्या आज विद्यापीठांच्या माहितीपत्रकात शेजारी शेजारी दिसतात, पण त्या एका घरातल्या नाहीत. व्यवस्थापन आधी आलं, आणि तेही लाकडासाठी.

रेल्वेला रुळांखाली स्लीपर हवे होते, जहाजांना साग. १८६४ मध्ये ब्रिटिश सरकारने वनखातं काढलं. ब्रह्मदेशातल्या सागवनांत काम केलेले डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक. १८७८ मध्ये डेहराडूनला वनविद्यालय सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या वन कायद्याने रानातल्या लोकांचे पिढीजात हक्क आक्रसले. झाडाचा घेर मोजायचा, तोडीचे कूप, म्हणजे एकेका वर्षी तोडायचे पट्टे, आखायचे, त्या कामाचा लेखी आराखडा म्हणजे कार्य आयोजना लिहायची, हे या विद्येचं अंग. जंगलात राहणाऱ्याला काय ठाऊक आहे, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही.

इकॉलॉजी, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यास, आली वनस्पतिशास्त्र विभागांतून. लीड्सहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या रामदेव मिश्र यांनी ती बनारस हिंदू विद्यापीठात रुजवली. मुंबईत पक्षितज्ज्ञ सलीम अलींमुळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पक्ष्यांवर पदव्युत्तर संशोधन करता येऊ लागलं.

वन व्यवस्थापन आणि इकॉलॉजी या दोन्हींची खरी गाठ पडली ती बांबूच्या बेटात. १९७०च्या दशकात कर्नाटकात कागद गिरण्यांना सरकार जवळजवळ फुकट बांबू देत होतं आणि तो झपाट्याने संपत होता. बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ केलं की बांबू जोमाने वाढतो, असं वनखात्याचं म्हणणं. गावकरी सांगत, काटे काढलेत तर कोवळे कोंब गुरं आणि साळिंदरं खाऊन टाकतील. परिसंस्थांचे अभ्यासक माधव गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी रानात जाऊन पाहणी केली, तेव्हा गावकऱ्यांचंच म्हणणं खरं निघालं. १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गाडगीळांनी परिसंस्था अभ्यासाचं केंद्र उभारलं. डेहराडूनची वन्यजीव संस्था आणि भोपाळची वन व्यवस्थापन संस्था या दोन्ही १९८२ च्या.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पुढे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) त्या अभ्यासक्रमात ५० तासिका, त्यातल्या क्षेत्रभेटीला ५. प्रकल्पाला २५ गुण होते. ते बऱ्याच ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानातच मिळाले, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉमर्स पदवीधराला विचारा.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने मात्र विद्यापीठाची वाट पाहिली नाही. तिथले गोंड गावकरी कित्येक वर्षं अभ्यास गट चालवत आले. कायदा, मध, बांबू, सगळ्यावर बसून चर्चा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातं देईना, कारण १९२७ च्या कायद्यात बांबू हे 'झाड' होतं, नव्या कायद्यात गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्कातलं लाकडाखेरीजचं रानउत्पन्न. अखेर २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं तेही त्याच वर्षी.